बटणांची बाजू

संग्रहालयाच्या छायाचित्र विभागात एकतीस वर्षं काढलेल्या बाईंना सगळे काचबाई म्हणत. तोंडावर नुसतं बाई, माघारी काचबाई. नाव काही वाईट हेतूने पडलं नव्हतं. युद्धाच्या वेळच्या तीन हजार काचेच्या निगेटिव्ह त्यांनी एकटीने पुसल्या, कागदात गुंडाळल्या, त्यांना नंबर घातले आणि इतक्या वर्षांत एकही फोडली नाही. याचा त्यांना अभिमान होता, आणि तो लपवावा असंही त्यांना कधी वाटलं नाही. नवीन माणूस कामाला लागला की पहिल्याच दिवशी त्याला तीन हजारांचा आकडा ऐकून घ्यावा लागे. निवृत्तीला आता पाच महिने राहिले होते. त्याआधी शाळेसमोरच्या चौकात युद्धस्मारकाची नवी भिंत उभी राहायची होती. काळा दगड, त्यावर कोरलेला मोठा फोटो आणि खाली नावं. फोटो कोणता, यावर समितीत वाद झालाच नाही. एरवी त्या समितीत चहा किती वाजता यावा यावरही वाद होत.

फोटो होता नऊशे सोळा नंबरच्या काचेवरचा. परकं सैन्य शहरात होतं तेव्हा एका सकाळी पाच जणांना घराघरांतून उचललं, शाळेच्या पायऱ्यांवर ओळीने उभं केलं, मग ट्रकमध्ये घातलं आणि नेलं. पाचातला एकही परत आला नाही. समोरच्या स्टुडिओवाल्याने वरच्या खिडकीतून, पडद्याआडून, हा फोटो घेतला होता. सगळ्यांच्या अंगात थंडीचे कोट, डोक्यावर टोप्या, चेहरे करंगळीच्या नखाएवढे. एका टोकाच्या माणसासमोर एक अधिकारी सिगारेट धरून उभा आहे आणि तो माणूस ती घेतो आहे. तो हसतोय की थंडीने त्याचं तोंड वाकडं झालंय, ते सांगता येत नाही. स्टुडिओवाल्याने काचेच्या पाकिटावर शाईने लिहून ठेवलं होतं: डावीकडून पोस्टमन, मास्तर, लोहार, कंपाउंडर, शिंपी.

पाचांपैकी कोणीतरी बाकीच्या चौघांची नावं सांगितली, ही कुजबुज युद्ध संपल्यापासून शहरात होती. कोणी, ते मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. काचबाई नोकरीला लागल्या आणि सहा महिन्यांत त्यांनी हा फोटो पहिल्यांदा मोठा करून प्रदर्शनात लावला. खाली त्यांनीच ओळ लिहिली: 'डावीकडून पहिला, अधिकाऱ्याकडून सिगारेट घेताना, पोस्टमन.' झालं, कुजबुजीला चेहरा मिळाला. परत तर तोही आला नाही, असं कोणी म्हटलं की उत्तर तयार असे, येईल कशाला, तिकडेच मजेत असेल. पुढच्या वर्षी चौकात पहिला दगड बसला, त्यावर चारच नावं होती.

सोमवारी सकाळी स्कॅनर चालवणाऱ्या भाऊजींनी काच मशीनवर ठेवली. हे गृहस्थ ग्रंथपालबाईंच्या बहिणीचे नवरे, म्हणून साऱ्या ऑफिसचे भाऊजी. पन्नाशी उलटली तरी जिभेला हाड नाही. दगडावर कोरायला फोटो फार मोठा लागणार होता, म्हणून त्यांनी तो पडद्यावर इतका वाढवला की एकेक कोट खिडकीएवढा दिसायला लागला.

"बाई, इकडे या जरा," भाऊजी म्हणाले. "त्या दिवशी या पाचही जणांनी घाईत बायकोचे कोट घातले होते का?"

काचबाई हसत हसत उठल्या. पडद्यापाशी पोचेपर्यंत त्यांचं हसू गेलेलं होतं. पुरुषाच्या कोटाची डावी बाजू उजव्या बाजूवर येते, बाईच्या कोटाची त्याच्या उलट. पडद्यावर पाचही जणांची उजवी बाजू वर होती.

आता ज्याने कधी काचेची निगेटिव्ह हातात धरली नाही, त्याला यात घाम फुटण्यासारखं काय आहे ते कळणार नाही. या काचेची एक बाजू गुळगुळीत चमकते आणि दुसरीवर चित्राचा लेप असतो, ती जरा मंद दिसते. कागदावर छापताना लेपाची बाजू कागदाकडे ठेवायची. ती चुकली तरी फोटो झकास येतो, फक्त आरशातला येतो. डावीकडचा उजवीकडे जातो. हे नवशिक्यालाही ठाऊक असतं. पण नऊशे सोळा नंबरच्या काचेला तडा गेला होता, म्हणून स्टुडिओवाल्याने तिच्यावर दुसरी काच ठेवून चारी कडा पट्टीने बंद केल्या होत्या. दोन्ही बाजू सारख्याच चमकत होत्या. अशा वेळी काय करायचं, तेही काचबाईंना शिकवलेलं होतं. त्यांचे गुरू, डार्करूममधले आबा, निवृत्त होण्यापूर्वी दहादा सांगून गेले होते की पोरी, शंका आली तर माणसाच्या तोंडाकडे बघू नकोस, भिंग घे आणि कोटाच्या बटणांकडे बघ.

आणि शंका आली होती. हेच तर खरं दुखणं. प्रदर्शनाचं उद्घाटन दोन दिवसांवर आलेलं, अजून चाळीस फोटो छापायचे बाकी, सव्वीस वर्षांचं वय आणि पहिलं मोठं काम. काचबाईंनी नोंदवहीत नऊशे सोळासमोर पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढलं होतं, नंतर बघू म्हणून. उद्घाटन थाटात झालं, वर्तमानपत्रात नाव आलं, तेव्हाच्या साहेबांनी पाठ थोपटली. त्यानंतरच्या आठवड्यात त्यांनी ते प्रश्नचिन्ह खोडरबराने पुसून टाकलं. भिंग घेतलंच नाही.

भाऊजींनी एक कळ दाबून फोटो उलटा केला, म्हणजे खरं तर सरळ केला. सिगारेटवाला उजव्या टोकाला गेला, तो शिंपी. मास्तर आणि कंपाउंडर यांची अदलाबदल झाली. मास्तरांच्या पुतण्याने त्यांचा चेहरा मोठा करून दिवाणखान्यात लावलेला होता, तो कंपाउंडर निघाला. लोहार तेवढा बरोबर मध्ये असल्यामुळे वाचला. आणि डाव्या टोकाला, सिगारेटपासून चार माणसं लांब, एक बुटका गृहस्थ उभा होता. त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला चार बोटं खाली होता.

तो खांदा पाहिला आणि काचबाईंना एक जुना दिवस आठवला. प्रदर्शन लागल्यावर आठवड्याभरात एक बाई आली होती. पंचेचाळिशीची असेल, इस्पितळाच्या लाँड्रीत कामाला होती. ती फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली आणि मग काचबाईंकडे येऊन हळू आवाजात म्हणाली, "पहिला नक्की पोस्टमनच का हो? ते माझे वडील. पत्रांच्या पिशवीने त्यांचा उजवा खांदा उतरलेला होता. याचा दिसत नाही." काचबाईंनी विचारलं, तेव्हा तुम्ही केवढ्या होता. ती म्हणाली, पाच वर्षांची. घरात फोटो आहे का? नाही, घर जळलं त्यात सगळं गेलं. मग काचबाईंनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि फार मायेने समजावलं की मावशी, पाच वर्षांच्या मुलीला काय आठवणार, इतक्या वर्षांनी मन आपल्याला हवं ते रचून ठेवतं, आपल्याकडे पुरावा आहे. त्या दिवशी संध्याकाळी घरी जाताना आपण किती समजूतदारपणे बोललो, असं त्यांना वाटलं होतं. तो समजूतदारपणा आठवून आता त्यांचे कान तापले. तोंडाने शिवी दिली असती तर परवडली असती.

मंगळवारी साहेबांनी सगळं ऐकलं, दार लावून घेतलं आणि फोटो पुढे ओढला.

"सोपं आहे," साहेब म्हणाले. "फोटो सरळ करू, पाचवं नाव घालू. नव्या संशोधनातून पोस्टमन निर्दोष ठरले, असं म्हणू. उलट आपलं कौतुकच होईल."

"आणि शिंप्याचं काय?" काचबाईंनी विचारलं. स्मारक समितीचे अध्यक्ष त्या शिंप्याचे सख्खे नातू होते. दर वर्षी चौकात भाषण करताना आजोबांचं नाव घेतलं की ते खिशातून रुमाल काढत.

साहेबांनी तळहात आडवा करून फोटोची उजवी कड झाकली. अधिकारी गेला, सिगारेट गेली आणि शिंप्याचा अर्धा हातही गेला. "एवढं कापलं की झालं. कोणालाच त्रास नको. तुम्हालासुद्धा, बाई. पाच महिने राहिलेत, कशाला चव्हाट्यावर आणायचं?"

काचबाईंनी मान हलवली. हो म्हणूनच हलवली. बाहेर आल्यावर त्यांना हलकं वाटलं, रात्री जेवणही नीट गेलं, झोपही लागली. बुधवारी सकाळी दात घासताना त्यांनी आरशात पाहिलं आणि इतक्या सहज झोप लागल्याची त्यांना जी लाज वाटली, ती चूक केल्याच्या लाजेपेक्षाही मोठी होती.

साहेबांच्या सांगण्यावरून त्यांनी पोस्टमनच्या मुलीला पाठवायचं पत्र लिहिलं. चार वेळा लिहिलं. ऑफिसची भाषा मोठी सोयीची असते, तिच्यात कोणी काही करत नाही, सगळं आपोआप होत असतं. पत्र पाकिटात घातलं, पण पेटीत टाकवेना. निदान हातात तरी देऊ, असं म्हणून गुरुवारी दुपारी त्या स्वतः निघाल्या. हातात द्यायचं आणि जिन्यावरूनच परतायचं, एवढाच त्यांचा बेत होता.

स्टेशनमागच्या तीन मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. दार तिनेच उघडलं. आता ती सत्त्याहत्तर वर्षांची म्हातारी होती, कमरेत वाकलेली, पण नजर तशीच. मागे टेबलावर मटार सोलायला घेतलेले दिसत होते.

"मी संग्रहालयातून आलेय, मावशी."

"ओळखलं," मावशी म्हणाल्या. "केस पांढरे झाले तुमचे. या, बसा."

"बसत नाही. हे पत्र द्यायचं होतं."

मावशींनी पाकीट हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि परत दिलं. "चष्म्याची काडी मोडलीय, दुकानात दुरुस्तीला टाकलाय. तुम्हीच वाचा. बसून वाचा."

आपण लिहिलेलं पत्र ज्याला लिहिलं त्याच्याच तोंडावर वाचायची वेळ काचबाईंवर कधी आली नव्हती. त्या बसल्या. मटाराची परात दोघींच्या मध्ये होती. त्यांनी वाचायला सुरुवात केली: 'आपणांस कळवण्यास अत्यंत आनंद होतो की, संग्रहालयाने हाती घेतलेल्या नव्या संशोधनातून आपले वडील...' आणि आनंद या शब्दाशी त्यांची जीभ अशी काही अडखळली की पुढचं सगळं पुटपुटल्यासारखं झालं.

"कसलं संशोधन?" मावशींनी विचारलं. त्यांचे हात शेंगा सोलत होते.

काचबाईंनी पत्र घडी करून मांडीवर ठेवलं. "संशोधन नाही हो. मी काच उलटी लावली होती. फोटो आरशातला छापला गेला. सिगारेट घेणारे तुमचे वडील नव्हतेच. ते दुसऱ्या टोकाला उभे आहेत. त्यांचा उजवा खांदा उतरलेला आहे. तुम्ही म्हणाला होता तसाच."

मावशींचे हात थांबले. बाहेर जिन्यावरून कोणीतरी बादली घेऊन खाली गेलं, तिच्या कडीचा आवाज खालपर्यंत ऐकू येत राहिला.

"कधी कळलं तुम्हाला?"

"सोमवारी."

"आज गुरुवार."

"हो."

"आणि तेव्हा?" मावशी म्हणाल्या. "तेव्हा मी तुमच्यासमोर उभी राहून विचारलं, तेव्हा मनात काहीच आलं नाही?"

इथे काचबाईंना नाही म्हणता आलं असतं. प्रश्नचिन्ह पुसलेलं होतं, आबा जाऊन वीस वर्षं झाली होती, विचारायला कोणी उरलं नव्हतं. नाही हा शब्द त्यांच्या ओठांवर आलाही.

"आलं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही यायच्या आधीच आलं होतं. वहीत प्रश्नचिन्ह काढलं होतं मी. तुम्ही येऊन गेलात, त्यानंतर ते खोडलं. भिंगाने बटणं बघायची, दोन मिनिटांचं काम होतं. पण बघितलं आणि चूक निघाली तर, म्हणून बघितलं नाही."

एवढं बोलून त्यांनी मान खाली घातली. मावशी आता ओरडतील, घराबाहेर काढतील, असं त्यांना वाटलं. तसं झालं असतं तर सोपं गेलं असतं. पण मावशी परातीतल्या हिरव्या दाण्यांकडे बघत होत्या.

"माझी आई होती तेव्हा," मावशी म्हणाल्या. "अडुसष्ट वर्षांची. तिला कळलं फोटो लागलाय म्हणून. मला म्हणाली, ने मला, बघू दे एकदा. चाळीस वर्षांत तोंड बघितलं नाही त्यांचं. मी नेलं नाही."



"लाज वाटली मला. तिला सांगितलं, असं असं आहे, सिगारेट घेतायत. ती म्हणाली, ते नसतील. मी म्हटलं, आई, तिथल्या शिकलेल्या बाई सांगतायत, तुला काय जास्त कळतं? त्यानंतर सहा वर्षं जगली. कधी त्यांचा विषय काढला नाही." मावशींनी एक शेंग उचलली आणि तशीच खाली ठेवली. "तिला नेलं असतं तर एका मिनिटात बोट ठेवलं असतं तिने. ते बघ, ते तिकडे. तुमचं भिंग नको नि बटणं नकोत."

"चूक माझी होती, मावशी. तुमची नाही."

"तुमची तुमच्यापाशी. ही माझी आहे." मावशींचा आवाज चढला नव्हता. "तो सिगारेटवाला मग कोण?"

"शिंपी."

"त्याचं नाव काढणार आता दगडावरून?"

"नाही. साहेब फोटोची ती कड कापणार आहेत. कोणालाच दिसणार नाही."

"आणि तुम्ही हो म्हणालात."

"मान हलवली मी."

मावशी हसल्या. अगदी थोडंसं, आणि त्यात आनंद काही नव्हता. "पाच माणसं मरायला निघालीत. थंडी पडलीय. एकाने कोणी दिली ती सिगारेट घेतली. घेतली तर घेतली. माझ्या बापाने घेतली असती तरी काय बिघडलं असतं हो?" त्यांनी परात स्वतःकडे ओढली. "हे तुम्ही तेव्हा विचारलं नाही, त्याचं मला काही नाही. मी त्यांची मुलगी. मी एकतीस वर्षांत विचारलं नाही."

काचबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांना त्याचाही राग आला, कारण रडायची पाळी त्यांची नव्हती. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि मनात आलेलं सगळं एका दमात सांगितलं. फोटो पूर्ण लागेल, सिगारेटसकट. पाच नावं लागतील. सिगारेटीबद्दल कोणालाच काही ठाऊक नाही, असं खाली स्पष्ट लिहिलं जाईल, आणि फोटो इतकी वर्षं कोणी उलटा लावला तेही, नावानिशी. साहेब नाही म्हणाले तर आपण अध्यक्षांच्या घरी जाऊ, ते नाही म्हणाले तर वर्तमानपत्रात देऊ. कालपर्यंत यातलं काहीच त्यांच्या मनात नव्हतं. बोलता बोलता ते खरं झालं.

"ते करा," मावशी म्हणाल्या. "पण त्याच्या आधी एक काम आहे."

त्या उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि मोबाइल घेऊन आल्या. "माझा मुलगा. दुसऱ्या शहरात असतो, विजेच्या ऑफिसात आहे. तुमचा फोटो लागला तेव्हा दहा वर्षांचा होता. आजोबांचा मोठा भक्त, सगळ्या वर्गाला गोष्टी सांगायचा. शाळेची सहल तुमच्याकडे येणार होती, त्या दिवशी मी त्याला ताप आलाय म्हणून घरात ठेवला. पण पोरं परत येऊन बोललीच. मग मी त्याला सांगितलं, शहरात पोस्टमन दोन होते. फोटोतला तो दुसरा. तुझे आजोबा युद्धाआधीच तापाने गेले, मी तुला उगाच गोष्टी रचून सांगत होते. तेव्हापासून त्याने मला कुठलीही गोष्ट विचारली नाही."

नंबर लावून त्यांनी फोन काचबाईंच्या पुढे धरला. घंटी जात होती.

"मी?" काचबाई म्हणाल्या. "मावशी, हे तुम्हीच सांगायला हवं."

"मी एकदा सांगितलंय," मावशी म्हणाल्या. "आता माझं तो का ऐकेल?"

पलीकडून फोन उचलला गेला. "हॅलो, आई? बरी आहेस ना? या वेळी कसा काय फोन?"

काचबाईंनी फोन कानाला लावला. "त्या बऱ्या आहेत, इथेच बसल्यात. मी संग्रहालयातून बोलतेय. तुमच्या आजोबांच्या फोटोबद्दल तुमच्याशी बोलायचं होतं."

 तो सभ्यपणे, घाईतल्या माणसासारखा बोलला, "माझ्या आजोबांचा फोटो नाही तुमच्याकडे. ते तापाने गेले. तुमची काहीतरी चूक होतेय, बाई."

"हो," काचबाई म्हणाल्या. समोर मावशी ताठ बसून त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. "माझीच चूक झालीय. पहिल्यापासून सांगते, ऐका."